एका कानातली दोन इंद्रिये : कॉक्लिअर इम्प्लांट, श्रवण आणि तोल

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, नोव्हा स्कोशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात एक बोट हेलकावे खात होती. बोटीवर अमेरिकन नौदलाचे संशोधक होते आणि त्यांच्या बरोबर काही कर्णबधिर पुरुष. अंतराळात माणसाच्या शरीराचे काय होईल, त्याला किती मळमळेल, याचा नेमका अंदाज तेव्हा कोणालाच नव्हता. त्यासाठी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढची सुमारे दहा वर्षे फ्लोरिडातल्या पेन्साकोला येथे डॉ. अ‍ॅश्टन ग्रेबिएल यांच्या पथकाने असे प्रयोग चालवले होते. त्या दिवशी संशोधकांनाच बोट अशी लागली की प्रयोग आवरता घ्यावा लागला. कर्णबधिर मंडळी मात्र पत्ते कुटत, गप्पा मारत बसली होती.

वॉशिंग्टनच्या गॅलॉडेट कॉलेजातून निवडलेल्या या अकरा जणांपैकी दहा जणांचे ऐकणे लहानपणी मेनिंजायटिसने, म्हणजे मेंदूच्या आवरणाच्या दाहाने, गेले होते. त्या तापाने ऐकण्याबरोबर अंतर्कर्णातले तोलाचे इंद्रियही निकामी करून टाकले होते. बोट लागणे, घाटात गाडी लागणे, गरगर फिरून थांबल्यावर घर फिरताना दिसणे ही सगळी त्या इंद्रियाची करणी. इंद्रियच नसेल तर मळमळ कुठून येणार? त्यांच्यातले चौघे तर मिनिटाला दहा फेरे घेणाऱ्या, वीस फूट व्यासाच्या खोलीत सलग बारा दिवस राहिले. माणूस अंतराळात पाठवण्यासाठी त्याच्या कानाविषयी जे शिकायचे होते त्याचा मोठा भाग या अकरा जणांनी शिकवला. ही गोष्ट अजून फार थोड्यांना माहीत आहे.

कर्णबधिरता आणि तोल यांचे हे नाते त्याच्याही बरेच आधी एका मानसशास्त्रज्ञाने मोजून दाखवले होते. हार्वर्डच्या विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्ये ५१९ मूकबधिरांची माहिती गोळा केली. त्यांना गरगर फिरवल्यावर चक्कर येते का, एवढेच पाहायचे होते. १८६ जणांना चक्कर मुळीच आली नाही आणि १३४ जणांना अगदी किंचित आली. तुलनेसाठी हार्वर्डचे सुमारे दोनशे विद्यार्थी आणि शिक्षक घेतले होते. त्यांत चक्कर न आलेला एकच निघाला. इतक्या साध्या प्रयोगातून इतके स्पष्ट उत्तर विज्ञानात क्वचित मिळते.

या उत्तराचे कारण कानाच्या रचनेत आहे. कानशिलाच्या हाडात, बाहेरून बोट पोचणार नाही इतक्या खोल, अंतर्कर्ण असतो. त्याच्या पुढच्या भागात गोगलगाईच्या शंखासारखा अडीच वेढ्यांचा कॉक्लिया आहे, तो ऐकतो. मागच्या भागात एकमेकींशी काटकोनात बसलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका आहेत. डोके कोणत्या दिशेला आणि किती वेगाने वळले ते त्या टिपतात. या दोहोंच्या मध्ये युट्रिकल आणि सॅक्युल नावाच्या दोन चिमुकल्या पिशव्या आहेत. त्यांच्यात कॅल्शियमचे बारीक खडे असतात, आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा आणि सरळ रेषेतली हालचाल त्या खड्यांच्या सरकण्यावरून कळते. जुन्या वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत, पण पाण्याचा हौद एकच असावा, तशी ही व्यवस्था आहे. कॉक्लिया आणि तोलाचे अवयव यांच्यात तोच द्रव फिरतो, दोघांच्या नसा एकाच हाडाच्या बोळातून मेंदूकडे जातात आणि दोघांच्याही मुळाशी केशपेशी याच संवेदक पेशी असतात. कॉक्लियाला सर्वांत जवळचा शेजारी म्हणजे सॅक्युल. त्याचे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढच्या हकिकतीत ते पुन्हा येणार आहे.

चक्कर येण्याचे मूळ कानात असू शकते हे डॉक्टरांच्या गळी उतरायला फार वेळ लागला. फ्रान्समध्ये पिएर फ्लूराँस यांनी १८२० च्या दशकात कबुतरांच्या अर्धवर्तुळाकार नलिका छेदल्या, तेव्हा ती कबुतरे मान वेडीवाकडी फिरवत गोल गोल फिरू लागली. त्यांचे ऐकणे मात्र शाबूत राहिले. तरीही चक्करेला मेंदूचाच विकार मानत. पॅरिसच्या मूकबधिर संस्थेचे डॉक्टर प्रॉस्पेर मेनिएर यांनी १८६१ मध्ये ठामपणे मांडले की ऐकू कमी येणे, कानात आवाज येणे आणि भोवळ ही तिन्ही लक्षणे अंतर्कर्णातून एकत्र उद्भवू शकतात. त्या विकाराला आज त्यांचेच नाव आहे. कर्णबधिर मुलांमध्ये आयुष्य काढलेल्या डॉक्टरला हे उमगावे, यात नवल नाही.

आता ऐकण्याकडे वळू. कॉक्लिया उलगडून सरळ केला तर जेमतेम ३५ मिलिमीटर भरतो. त्यात सुमारे साडेतीन हजार आतल्या आणि बारा हजार बाहेरच्या केशपेशी ओळीने बसलेल्या असतात. कॉक्लियाच्या पायथ्याशी उंच पट्टीचे सूर उमटतात आणि शिखराकडे जावे तसतसे खालच्या पट्टीचे. ध्वनीची लाट कॉक्लियातल्या पडद्यावरून कशी धावते आणि प्रत्येक कंपनसंख्येला स्वतःची जागा कशी मिळते, हे दाखवल्याबद्दल हंगेरीत जन्मलेल्या गेऑर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कॉक्लिअर इम्प्लांटचा सारा डोलारा याच एका तत्त्वावर उभा आहे.

केशपेशी मेल्या की मेल्या. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. अंगभूत जनुकदोष, मेनिंजायटिस, गर्भारपणातले संसर्ग, काही औषधे, वय, गोंगाट यांमुळे त्या नष्ट होतात. श्रवणयंत्र आवाज मोठा करून देते, पण आवाज झेलायला केशपेशीच उरल्या नसतील तर मोठा आवाजही वायाच जातो. मात्र अशा बहुतेक कानांमध्ये श्रवणनसेचे तंतू जिवंत असतात. मेलेल्या केशपेशींना वळसा घालून थेट या तंतूंना वीज द्यायची, ही कॉक्लिअर इम्प्लांटची कल्पना.

कानाला वीज लावून पाहण्याचे पहिले धाडस बॅटरीच्या जनकाचेच. अलेस्सांद्रो व्होल्टा यांनी १८०० च्या सुमारास दोन्ही कानांत धातूच्या सळ्या घालून त्या आपल्या नव्या बॅटरीला जोडल्या. डोक्यात हादरा बसला आणि एखादे घट्ट द्रव्य रटरटत शिजावे तसा आवाज ऐकू आला. हा प्रकार धोक्याचा वाटून त्यांनी तो पुन्हा केला नाही, आणि ते बरेच झाले.

त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी, २५ फेब्रुवारी १९५७ रोजी, पॅरिसमध्ये आंद्रे जुर्नो आणि शार्ल एरीएस यांनी पूर्ण बहिऱ्या झालेल्या एका माणसाच्या श्रवणनसेजवळ विजेचे वेटोळे बसवले. त्याला शब्द समजत नव्हते, पण बोलण्याची लय जाणवत होती. ही बातमी वाचून लॉस एंजेलिसचे डॉ. विल्यम हाऊस पेटून उठले. त्यांनी १९६१ मध्ये पहिले प्रयोग केले आणि पुढे अभियंता जॅक अर्बन यांच्या साथीने एका इलेक्ट्रोडचे इम्प्लांट घडवले. शरीरशास्त्राच्या मोठमोठ्या अभ्यासकांनी त्यांना वेड्यात काढले. एका इलेक्ट्रोडने हजारो केशपेशींचे काम होणे शक्यच नाही, असा आक्षेप होता. १९७७ मध्ये रॉबर्ट बिल्गर यांनी अमेरिकन सरकारच्या वतीने अशा १३ रुग्णांची तपासणी प्रसिद्ध केली. नुसत्या इम्प्लांटवर बोलणे समजत नव्हते, पण ओठ वाचायला त्याची खरीखुरी मदत होत होती, आणि वापरणाऱ्यांना ते हवेच होते. १९८४ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या नियामक संस्थेने हाऊस यांच्या यंत्राला मान्यता दिली.

ऑस्ट्रेलियात ग्रेम क्लार्क अनेक इलेक्ट्रोडच्या मागे लागले होते. त्यांचे वडील औषधविक्रेते होते आणि त्यांना कमी ऐकू येई. दुकानातल्या गिऱ्हाइकांना आपली दुखणी मोठ्याने सांगावी लागत, ते पाहत क्लार्क वाढले. त्यांची अडचण अशी, की इलेक्ट्रोडची तार कॉक्लियाच्या वेढ्यात थोडी शिरली की अडे. १९७७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर सुटीत बसले असताना त्यांनी एका शंखात गवताची पाती सारून पाहिली. टोकाला लवचीक आणि बुडाशी ताठ होत गेलेली पाती वेढ्यांतून सुरेख आत शिरली. तशीच तार बनवून १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी मेलबर्नमध्ये ती एका अपघातात श्रवण गमावलेल्या माणसाच्या कानात बसवली. ऑस्ट्रियात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या दांपत्याने घडवलेले अनेक इलेक्ट्रोडचे यंत्र त्याआधीच, डिसेंबर १९७७ मध्ये, व्हिएन्नात बसले होते. उरलेला मोठा प्रश्न आवाजाचे विजेत रूपांतर कसे करायचे याचा होता. तो अमेरिकेत ब्लेक विल्सन यांनी सोडवला. सगळे इलेक्ट्रोड एकदम पेटवले तर त्यांचे प्रवाह एकमेकांत मिसळतात. म्हणून त्यांनी एकामागून एक, अतिशय वेगाने, पाळीपाळीने ठोके देण्याची पद्धत काढली. १९९१ मध्ये ती 'नेचर' मध्ये प्रसिद्ध झाली आणि बोलणे समजण्यात रुग्णांनी एकदम मोठी मजल मारली. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. हाऊस आदल्याच वर्षी वारले होते. त्यांचे नाव त्या यादीत असायला हवे होते, असे मला वाटते.

आज जगभर दहा लाखांहून अधिक इम्प्लांट बसले आहेत. यंत्राचे दोन भाग असतात. कानामागे लावायचा प्रोसेसर आवाज टिपून त्याचे कंपनसंख्येनुसार पट्टे पाडतो; डोक्याच्या कातडीखालचा भाग ते संकेत घेऊन कॉक्लियात सरकवलेल्या १२ ते २२ इलेक्ट्रोडांना वीज पुरवतो. दोन्ही भाग चुंबकाने एकमेकांना धरून राहतात. शस्त्रक्रियेत कानामागचे हाड कोरून, चेहऱ्याच्या नसेला धक्का न लावता अंतर्कर्णाच्या खिडकीपर्यंत जावे लागते. जखम भरली की काही आठवड्यांनी यंत्र प्रथमच सुरू करतात. त्याला सगळे 'स्विच ऑन' म्हणतात, आणि त्यानंतर प्रत्येक इलेक्ट्रोडला किती वीज मानवते हे ठरवण्याच्या बैठका, म्हणजे 'मॅपिंग', वर्षानुवर्षे चालतात.

स्विच ऑनच्या वेळी हसणाऱ्या-रडणाऱ्या बाळांच्या चित्रफिती आपण पाहतो. त्या खऱ्या आहेत, पण त्यांवरून एक गैरसमज होतो. त्या क्षणी बाळाला शब्द ऐकू येत नसतात. आयुष्यात प्रथमच काहीतरी जाणवलेले असते, इतकेच. त्याचा अर्थ लावायला मेंदूला महिने, वर्षे लागतात. मोठेपणी श्रवण गमावलेल्यांनाही सुरुवातीला माणसांचे आवाज यांत्रिक, किरटे वाटतात. पण त्यांच्या मेंदूत भाषा आधीच साठलेली असते. काही महिन्यांत तोच आवाज त्यांना ओळखीचा वाटू लागतो आणि त्यांच्यातले कित्येक जण फोनवर बोलू लागतात. साडेतीन हजार पेशींचे काम वीस-बावीस इलेक्ट्रोडांनी कसे होते, याचे उत्तर १९९५ मध्ये रॉबर्ट शॅनन आणि सहकाऱ्यांनी दिले. त्यांनी चांगले ऐकू येणाऱ्या माणसांना अवघ्या चार पट्ट्यांत गोळा केलेले, सुरांचे सारे बारकावे पुसलेले बोलणे ऐकवले, आणि शांत खोलीत ते त्यांना जवळजवळ पूर्ण समजले. मेंदू फाटक्यातुटक्या संकेतांतून भाषा उभी करतो. माझ्या मते इम्प्लांटच्या हकिकतीतला सर्वांत थक्क करणारा भाग हाच आहे.

मर्यादा मात्र खऱ्या आहेत. कॉक्लियातला द्रव खारट असल्याने वीज पसरते आणि शेजारच्या इलेक्ट्रोडांचे ठोके एकमेकांत मिसळतात. बावीस इलेक्ट्रोड असले तरी बहुतेकांना उपयोग साधारण आठ वेगळ्या वाटांचाच होतो. लग्नाच्या हॉलमध्ये, एसटी स्टँडवर, चौघे एकदम बोलत असताना इम्प्लांट वापरणारा माणूस गोंधळतो. संगीतात तर फरक लख्ख दिसतो. लय छान कळते, तबल्याचा ठेका हातावर धरता येतो. सूर मात्र निसटतो. तीव्र मध्यम आणि पंचम यांतला फरक बहुतेकांना ऐकू येत नाही. दुसरीकडे 'स', 'श' यांसारखे उंच कंपनांचे वर्ण, जे तीव्र बहिरेपणात श्रवणयंत्रानेही हाती लागत नाहीत, ते इम्प्लांटने मिळतात. लहान मुलांचे उच्चार सुधारण्यात त्याचा मोठा वाटा असतो.

जन्मतः कर्णबधिर मुलांच्या बाबतीत वय सगळ्यात महत्त्वाचे. अनु शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूतल्या विद्युतलहरी मोजून दाखवले की साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट झालेल्या मुलांचा मेंदू आवाजाला लवकरच वयाला साजेसा प्रतिसाद देऊ लागतो. सात वर्षांनंतर झालेल्यांत तो बहुतांशी मागेच राहतो. रिकामी राहिलेली श्रवणाची जागा मेंदू दुसऱ्या कामांना देऊन टाकतो. म्हणून जन्मतः बहिऱ्या असलेल्या पंचविशीतल्या तरुणाला इम्प्लांट बसवून बोलणे समजू लागेल, अशी आशा त्याच्या घरच्यांना लावणे योग्य नव्हे.

आता तोलाकडे. इलेक्ट्रोड कॉक्लियात जाताना वाटेत काय घडते? द्रव थोडा सांडतो, दाब बदलतो, पातळ पडद्याला ओरखडा जाऊ शकतो, पुढे सूज येते, काहींच्या कॉक्लियात तंतू आणि हाडही धरते. हौद एकच असल्याने हे धक्के शेजारी पोचतात. मृत्यूनंतर दान केलेल्या कानांची हाडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासली, तेव्हा इम्प्लांट बसवलेल्या बाजूला सर्वाधिक नुकसान सॅक्युलचे झालेले दिसले. जिवंत रुग्णांच्या तपासण्याही तेच सांगतात. मोठ्या आवाजाने मानेच्या स्नायूत उमटणारा, सॅक्युलमधून येणारा प्रतिसाद शस्त्रक्रियेनंतर अनेकांत मंदावतो किंवा नाहीसा होतो. कानात गार-कोमट पाणी सोडून केलेल्या चाचणीत आडव्या नलिकेचा प्रतिसादही काहींत घटतो. डोके झटकन वळवून डोळ्यांची हालचाल टिपणारी चाचणी मात्र बहुतेकांत फारशी बदलत नाही. म्हणजे इजा सगळीकडे सारखी होत नाही. जवळच्या शेजाऱ्याला जास्त होते.

रुग्णाला यातले किती जाणवते? पहिले काही दिवस चक्कर, डोके हलके वाटणे, चालताना भेलकांडणे हे पुष्कळांना होते आणि बहुधा दिवसांत किंवा काही आठवड्यांत ओसरते. दुसऱ्या कानाचे तोलाचे इंद्रिय, डोळे आणि पायांच्या सांध्यांतून येणारी जाण यांच्या आधाराने मेंदू नवा हिशेब मांडतो. काहींना कुशीवर वळताना क्षणभर घर फिरते. कॅल्शियमचे खडे निसटून नलिकेत गेल्याने तसे होते, आणि डोके ठरावीक क्रमाने वळवण्याच्या उपचाराने ते बरे होते. थोड्या जणांना महिन्यांनंतर मेनिएरसारखे चक्करेचे झटके येतात. क्वचित यंत्राची वीज तोलाच्या नसेवर सांडते आणि मोठ्या आवाजाला तोल जाऊ लागतो; मॅपिंग बदलून त्यावर उपाय होतो. कायमचा, रोजच्या जगण्यात अडथळा आणणारा असमतोल थोड्यांनाच होतो. साठी-सत्तरी उलटलेल्यांत आणि ज्यांचा दुसरा कान तोलाच्या बाबतीत आधीच दुबळा आहे त्यांच्यात त्याची शक्यता अधिक. अशा माणसाला रात्री दिव्याशिवाय न्हाणीघराकडे जाणे, ढेकळांच्या शेतातून चालणे अवघड होते.

शल्यचिकित्सकांनी यावर विचार केला आहे. जर्मनीतील हनोव्हरचे एर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९० च्या दशकात 'मृदू शस्त्रक्रिये'चा आग्रह धरला. कॉक्लियाला शक्य तितके लहान भोक पाडायचे, द्रव शोषून घ्यायचा नाही, इलेक्ट्रोड अत्यंत सावकाश सरकवायचा. पुढे कॉक्लियाला नवे भोक पाडण्याऐवजी त्याच्या नैसर्गिक गोल खिडकीतून जाण्याची पद्धत रुळली, इलेक्ट्रोड बारीक आणि मऊ झाले, स्टिरॉइडची जोड मिळाली. हेतू होता उरलेसुरले श्रवण वाचवण्याचा. त्यातून तोलाचाही फायदा झाला.

या प्रश्नाची दुसरी बाजू कमी सांगितली जाते, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. तीव्र कर्णबधिर मुलांपैकी बऱ्याच जणांचा तोल इम्प्लांटच्या आधीपासूनच दुबळा असतो. जेम्स यांचे आकडे तेच सांगत होते. अशी मुले मान उशिरा धरतात, उशिरा बसतात, आणि दीड वर्ष उलटले तरी चालत नाहीत. घरात कोणी 'आळशी आहे' म्हणते, कोणी 'अंगाने जड आहे' म्हणते. अशर नावाच्या आनुवंशिक विकाराच्या पहिल्या प्रकारात मूल जन्मतः बहिरे असते, त्याला तोल नसतो आणि पुढे रातांधळेपणापासून सुरू होऊन दृष्टीही जाऊ लागते. या मुलांसाठी उशिरा चालणे ही पहिली सूचना असते. दृष्टी मंदावण्याआधी त्यांना ऐकणे मिळाले तर त्यांच्या आयुष्याची दिशाच बदलते. टोरोंटोच्या बालरुग्णालयात शेरन कुशिंग, ब्लेक पॅप्सिन आणि कॅरेन गॉर्डन यांच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली. दोन्ही कानांचा तोल नसलेल्या मुलांमध्ये इम्प्लांट नादुरुस्त होण्याचे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. ही मुले वारंवार पडतात, डोके आपटते, हे त्याचे संभाव्य कारण. तोल न तपासण्याची किंमत अशी थेट श्रवणालाही मोजावी लागते.

तोलाचे इंद्रिय गेल्यावर जगणे कसे असते, हे एका अमेरिकन डॉक्टरने १९५२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' मध्ये स्वतःच्या अनुभवावरून लिहिले आहे. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनने त्याच्या दोन्ही कानांचा तोल गेला होता. वाचताना त्याला पलंगाच्या दांड्यांमध्ये डोके घट्ट टेकवावे लागे, कारण नाडीच्या ठोक्यानेही अक्षरे हलत. चालताना समोरून येणाऱ्याचा चेहरा ओळखता येत नसे. थांबले की दिसे. डोके हलले की डोळे उलट दिशेला तेवढेच वळवणे हे अंतर्कर्णाचे काम आहे आणि ते सुमारे १० मिलिसेकंदांत होते. त्या वेगाची भरपाई डोळे एकट्याने करू शकत नाहीत.

इम्प्लांटने तोल सुधारतो असेही काही अभ्यासांत दिसले आहे. यंत्र चालू असताना काही मुले किंचित स्थिर उभी राहतात. आजूबाजूचे स्थिर आवाज दिशेची खूण पुरवतात, हे त्याचे एक स्पष्टीकरण. हा लाभ लहान आहे, त्याचा गाजावाजा करू नये. पण दोन्ही कानांत इम्प्लांट का हवे, या प्रश्नाच्या उत्तरात त्याचीही भर पडते. याच वाटेने पुढे जाऊन टोरोंटोच्या गटाने डोके कलले की इम्प्लांटमधून तशी सूचना देणारे यंत्र करून पाहिले. जॉन्स हॉपकिन्सचे चार्ल्स डेला सॅन्टिना आणि सहकारी त्याहून धीट निघाले. कॉक्लियाऐवजी अर्धवर्तुळाकार नलिकांच्या नसांना वीज देणारे तोलाचेच इम्प्लांट त्यांनी घडवले. दोन्ही कानांचा तोल गमावलेल्या आठ जणांवरचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्यांची उभे राहण्याची, चालण्याची क्षमता सुधारल्याचे दिसले. बहुतेकांचे त्या कानाचे ऐकणे मात्र कमी झाले. एका बिऱ्हाडात काम काढले की दुसऱ्याला धक्का बसतोच, हे इथे उलट्या दिशेने दिसते.

आपल्याकडे हा विषय घराघरांशी जोडलेला आहे. नात्यातल्या विवाहांमुळे, विशेषतः आते-मामेभावंडांच्या सोयरिकींमुळे, आनुवंशिक बहिरेपणाचा धोका वाढतो, आणि अशा सोयरिकी महाराष्ट्रात अजून होतात. कॉक्लिअर इम्प्लांट भारतात रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने आघाडीवर होते. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री मिळाली. वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून श्रवण-वाचेच्या क्षेत्रात काम करते आणि दिव्यांगांना साधने पुरवणाऱ्या केंद्र सरकारच्या अ‍ॅडिप योजनेतून होणाऱ्या इम्प्लांटचे समन्वयन तिच्याकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलांची तपासणी करतात. त्यांच्या यादीत जन्मजात बहिरेपणा आहे. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारने उचलला तरी गावाकडच्या आईबापांपुढे पुढचे प्रश्न उरतातच. तारेची, बॅटरीची बदली, प्रोसेसरची दुरुस्ती, आठवड्याला तालुक्याहून जिल्ह्याला स्पीच थेरपीची खेप. यंत्र पेटीत पडून राहिलेली मुले आहेत, आणि हे मला फार लागते. शस्त्रक्रिया काही तासांत होते, ऐकायला शिकणे पाच-सात वर्षे चालते, आणि घरात दिवसभर मायबोलीत मुलाशी बोलणारी आई-आजी ही त्यातली सर्वांत मोठी ताकद असते. ज्या मुलांना इम्प्लांटचा लाभ होणार नाही, त्यांना भारतीय सांकेतिक भाषेत वाढण्याचा पूर्ण हक्क आहे. भाषा उशिरा मिळण्याइतके नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

आता वाचकांना विनंती. बाळाची श्रवणतपासणी पहिल्या महिन्यात करून घ्या. ती काही मिनिटांची आणि न दुखणारी आहे. दोष दिसला तर तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हायला हवेत. मेनिंजायटिसनंतर ऐकू येईनासे झाले तर मुळीच थांबू नका, कारण त्या आजारात कॉक्लियात झपाट्याने हाड धरते आणि इलेक्ट्रोडची वाट बंद होते. इम्प्लांटपूर्वी मेनिंजायटिसच्या लसी घेतल्या आहेत ना, हे विचारा. आणि ऐकण्याच्या तपासण्यांबरोबर तोलाचीही तपासणी मागा. मूल केव्हा बसले, केव्हा चालले, अंधारात अडखळते का, डोळे मिटून एका पायावर उभे राहू शकते का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. एका कानाचा तोल शाबूत आणि दुसऱ्याचा गेलेला असेल, तर कोणत्या कानात आधी इम्प्लांट करायचे हे त्यावरून ठरू शकते. तोल नसलेल्या मुलाला फिजिओथेरपी द्या. त्याला विहिरीत, नदीत किंवा गढूळ पाण्यात कधीही एकटे उतरू देऊ नका. पाण्याखाली त्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कळत नाही, आणि चांगला पोहणारा मुलगाही त्यामुळे बुडू शकतो.